अनाथ बालकांच्या श्वासाचा राखणदार: डॉ. जोसेफ ओड्वायर (१८४१–१८९८)

दर वर्षी ३ फेब्रुवारी रोजी, संत ब्लेझ यांच्या स्मरणदिनी, अनेक चर्चमध्ये भाविकांच्या गळ्यावर आशीर्वाद दिला जातो. दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून धर्मगुरू प्रार्थना म्हणतात आणि आया आपली लहान मुले पुढे करतात. घशात काटा अडकलेल्या एका मुलाचे प्राण संत ब्लेझ यांनी वाचविले, अशी परंपरा सांगते. आज आपण हा विधी शांतपणे पाहतो. परंतु दीडशे वर्षांपूर्वी लेकराचा गळा पुढे करणाऱ्या आईच्या मनात खरीखुरी धास्ती असे. रात्री मुलाचा श्वास वाजू लागला म्हणजे सकाळ उजाडेल की नाही, हे कोणी सांगू शकत नसे.

मुलाच्या वाजणाऱ्या श्वासाकडे ज्यांनी आयुष्यभर कान दिला, अशा एका कॅथलिक डॉक्टरांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. त्यांचे नाव डॉ. जोसेफ ओड्वायर. ओड्वायर म्हटले की आपल्याला जालियनवाला बागेच्या वेळचे पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर आठवतात. दोघांचे आडनाव आयरिश, एवढेच साम्य. आमचे ओड्वायर न्यूयॉर्कमध्ये टाकून दिलेल्या बालकांचे डॉक्टर होते. श्वास कोंडलेल्या रुग्णाच्या स्वरयंत्रातून नळी घालून त्याला जगविण्याची जी पद्धत आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात वापरली जाते, ती बालकांच्या उपचारात रुजविण्याचे श्रेय वैद्यकाचा इतिहास त्यांना देतो.

बालपण व शिक्षण

जोसेफ यांचा जन्म १८४१ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलंड येथे एका आयरिश कॅथलिक कुटुंबात झाला. त्यानंतर लवकरच हे कुटुंब कॅनडातील लंडन या गावाच्या परिसरात स्थायिक झाले आणि जोसेफ तेथेच लहानाचे मोठे झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी आधी एका डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी केली. पुढे न्यूयॉर्कच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्समध्ये शिकून १८६०च्या दशकाच्या मध्यावर ते डॉक्टर झाले.

त्यांची पहिली नेमणूक ब्लॅकवेल्स बेटावरील रुग्णालयात झाली. ईस्ट नदीतील या बेटावर शहराने आपले गरीब आजारी, कैदी आणि वेडे ठरविलेले लोक ठेवले होते. तेथे पटकीची साथ आली तेव्हा रुग्णांच्या सेवेसाठी तरुण ओड्वायर स्वतःहून पुढे झाले. त्यांनाही पटकीने गाठले, परंतु ते वाचले. ज्यांच्याजवळ जाण्यास इतर कचरत, त्यांच्याजवळ जाण्याची सवय त्यांना अशी प्रथमपासूनच लागली.

दारातला पाळणा

१८६०च्या दशकात न्यूयॉर्क शहरात नवजात बालके रस्त्यावर, घरांच्या पायऱ्यांवर, चर्चच्या दारात टाकून दिलेली सापडत. दारिद्र्य, लोकलज्जा आणि परदेशातून आलेल्या एकाकी तरुणींची असहायता ही त्यामागची कारणे होती. सिस्टर्स ऑफ चॅरिटी या संघाच्या सिस्टर आयरीन फिट्झगिबन यांना हे पाहवेना. त्यांचा संघ संत एलिझाबेथ अॅन सीटन यांनी १८०९ साली सुरू केलेल्या कार्यातून वाढलेला. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी सिस्टर आयरीन व त्यांच्या सोबतिणींनी बाराव्या रस्त्यावरील एका भाड्याच्या घरात टाकून दिलेल्या बालकांसाठी आश्रम उघडला. दारात त्यांनी एक पाळणा ठेवला. मूल ठेवून जाणाऱ्या आईला नाव-गाव विचारायचे नाही, असा नियम केला. पहिल्याच रात्री पाळण्यात पहिले बाळ आले. पुढे घर अपुरे पडले आणि १८७३ साली आश्रम अडुसष्टाव्या रस्त्यावरील मोठ्या इमारतीत गेला. न्यूयॉर्क फाउंडलिंग या नावाने ही संस्था आजही बालकांसाठी काम करीत आहे.

या आश्रमात १८७२ साली डॉ. ओड्वायर दाखल झाले आणि मरेपर्यंत, म्हणजे पाव शतक, त्यांनी ते घर सोडले नाही. उपजीविकेसाठी त्यांचा शहरात खाजगी व्यवसाय होता, परंतु मन गुंतले होते ते या मुलांत.

वाजणारा श्वास

शेकडो लहान मुले एका छपराखाली राहत, त्यामुळे एकाला झालेला आजार दुसऱ्याला होण्यास वेळ लागत नसे. त्यातला सर्वांत भयंकर आजार म्हणजे घटसर्प. या रोगात घशात करड्या रंगाचा चिवट पापुद्रा धरतो. तो खाली उतरून स्वरयंत्रात पसरला की श्वासाची वाट अरुंद होते. लहान मुलाचे स्वरयंत्र मुळातच चिंचोळे, म्हणून मोठ्या माणसाला ज्या सुजेने आवाज बसण्यापलीकडे काही होत नाही, तेवढ्या सुजेने मुलाचा जीव जातो.

मुलाचा आवाज प्रथम घोगरा होतो, मग खोकला भुंकल्यासारखा येतो. नंतर श्वास आत घेताना करवतीसारखा आवाज येऊ लागतो. गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढली जाते. मूल उठून बसते, पुन्हा आडवे होते, कोणाच्याही मांडीवर त्याला चैन पडत नाही. शेवटी ओठ निळे पडतात, मूल थकते आणि आवाज कमी होतो. नवख्या माणसाला वाटावे की बरे वाटू लागले; परंतु ती शांतता शेवटची असे. त्या काळात न्यूयॉर्क शहरात घटसर्पाने वर्षाला हजाराहून अधिक माणसे दगावत आणि त्यांत बहुतेक लहान मुले असत.

यावर त्या वेळी एकच उपाय होता: गळ्याला बाहेरून चीर देऊन श्वासनलिका उघडणे. फ्रान्समध्ये ब्रेतोन्नो यांनी १८२५ साली घटसर्प झालेल्या मुलीला याच शस्त्रक्रियेने वाचविले होते. परंतु फाउंडलिंगमधील अशक्त बालकांना ती मानवत नसे. तेथे ही शस्त्रक्रिया जवळजवळ प्रत्येक वेळी व्यर्थ जाई. घरोघरचे पालकही मुलाचा गळा कापू देण्यास तयार होत नसत, आणि तयार होत तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असे.

पाच वर्षांचे अपयश

१८८० च्या सुमारास डॉ. ओड्वायर यांनी निराळा विचार सुरू केला. गळा न कापता, तोंडावाटे, स्वरयंत्रातच एखादी नळी बसविता येईल का? त्याआधी १८५८ साली पॅरिसमध्ये बूशू नावाच्या डॉक्टरांनी असा प्रयत्न केला होता. परंतु वैद्यक अकादमीत त्रूसो यांच्यासारख्या बड्या डॉक्टरांनी तो मोडीत काढला आणि ती कल्पना विस्मरणात गेली. ओड्वायर यांना त्या प्रयत्नाची माहिती नव्हती. त्यांनी सगळी वाट स्वतःच शोधली.

घटसर्पाने गेलेल्या मुलांच्या मृतदेहांवर ते मापे घेत. मुलाचे स्वरयंत्र केवढे, स्वरतंतूंमधली फट केवढी, कोणत्या वयात किती फरक पडतो, हे त्यांनी बारकाईने पाहिले. त्यांची पहिली नळी दोन पाकळ्यांची होती. ती बसे, परंतु पाकळ्यांच्या फटीतून पापुद्रा आत शिरे आणि वाट पुन्हा बंद होई. म्हणून त्यांनी सलग नळी केली. ती आखूड होती. तिच्या खालच्या टोकाशी पापुद्रा लोंबून वाट अडवी. म्हणून नळी लांब केली. मूल खोकले की नळी उडून बाहेर येई. म्हणून नळीच्या मध्यभागी फुगवटा दिला, त्यामुळे ती जागच्या जागी राहू लागली. नळी खाली घसरू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला स्वरतंतूंच्या वर टेकेल असा माथा केला.

वाचताना हे सोपे वाटते. परंतु या प्रत्येक वाक्यामागे एखादे मूल आहे, जे वाचले नाही. सुरुवातीच्या मुलांपैकी काहींचा श्वास नळी बसताच मोकळा झाला, तरी रोगाचे विष अंगात भिनलेले असल्याने त्यांचे प्राण गेले. सहकाऱ्यांत शंका घेणारे पुष्कळ होते. ओड्वायर यांनी मात्र एक गोष्ट पाहिली होती. करवतीसारखा चाललेला श्वास नळी बसताच शांत होतो आणि तडफडणारे मूल काही क्षणांत झोपी जाते. मरण टळले नाही तरी गुदमरणे टळते, हेदेखील त्यांना थोडे वाटले नाही. ते पुढे चालत राहिले आणि नळी घातलेले मूल बरे होऊन उठले तो दिवस अखेर आला. १८८५ साली त्यांनी आपली पद्धत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

ही मुले कोणाची होती? त्यांचे आईबाप ठाऊक नव्हते. ती गेली असती तर जाब विचारणारे कोणी नव्हते आणि ती वाचली म्हणून डॉक्टरांच्या हातावर पैसा ठेवणारेही कोणी नव्हते. अशा मुलांसाठी एका व्यवसायी डॉक्टराने पाच वर्षे अपयश सोसावे, ही गोष्ट आम्हांला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

नळी आणि राखण

त्यांची पद्धत पुढे अशी ठरली. परिचारिका मुलाला चादरीत गुंडाळून मांडीवर ताठ बसवी. तोंड उघडे राहावे म्हणून जबड्यात एक साधन अडकवीत. डॉक्टर डाव्या हाताची तर्जनी घशात घालून स्वरयंत्रावरचे झाकण उचलीत आणि त्या बोटाच्या कडेने नळी आत सरकवीत. मुलाला भूल दिलेली नसे आणि श्वास आधीच कोंडलेला असे, म्हणून हे सारे काही सेकंदांत उरकावे लागे. नळीला दोरा बांधलेला असे. नळी नीट बसली याची खात्री झाली की दोरा कापीत. ओड्वायर यांनी निरनिराळ्या मापांच्या नळ्यांचा संच तयार केला आणि कोणत्या वयाला कोणती नळी, हे दाखविणारी मोजपट्टी त्यासोबत दिली. नळ्या प्रथम सोन्याचा मुलामा दिलेल्या धातूच्या होत्या. धातूवर क्षार साचून आतली त्वचा सोलते असे दिसल्यावर त्यांनी कठीण रबराच्या नळ्या वापरण्यास सुरुवात केली.

नळी घातल्यावर काम संपत नसे, खरे तर तेथून ते सुरू होई. नळी काही दिवस आत ठेवावी लागे. त्या काळात मुलाने पाणी प्यायले की ते श्वासनलिकेत जाई. शिकागोचे डॉ. कॅसलबेरी यांनी मुलाचे डोके खाली ठेवून पाजण्याची युक्ती सुचविली आणि ती उपयोगी पडली. नळी पापुद्र्याने बुजली किंवा खोकल्याने बाहेर पडली, तर मिनिटांचा खेळ असे. म्हणून मुलाच्या उशाशी रात्रंदिवस कोणीतरी कान देऊन बसावे लागे. नवी पद्धत यशस्वी होण्यासाठी डॉक्टरांच्या कुशल बोटाइतकीच या जागरणाची गरज होती.

हळूहळू विरोध मावळला. अमेरिकेत डॉ. नॉर्थरप व डॉ. वॅक्सहॅम यांनी आणि युरोपात बुडापेस्टच्या डॉ. बोकाय यांनी ही पद्धत उचलून धरली. १८९६ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघाचे अध्यक्षपद ओड्वायर यांना मिळाले.

ज्यांचा श्वास वाजतच राहिला

एक प्रश्न मात्र उरला. काही मुले घटसर्पातून वाचत, परंतु नळी काढली की पुन्हा गुदमरत. नळी परत घालावी लागे. असे आठवडे, महिने जात. नळीच्या दाबाने स्वरयंत्राच्या खालच्या भागात जखम होऊन तेथे व्रण धरलेला असे आणि व्रण आवळून वाट अरुंद झालेली असे. जीव वाचला, पण श्वास कायमचा वाजता झाला, अशी ही मुले होती.

आपल्याच शोधाने निर्माण केलेल्या या दुखण्याकडे ओड्वायर यांनी पाठ फिरविली नाही. नळीचे माप, आकार आणि गुळगुळीतपणा यांवर त्यांनी पुन्हा काम केले आणि अशा मुलांसाठी खास नळ्या बनविल्या. आयुष्याच्या अखेरच्या काळात, १८९७ साली, त्यांनी ज्या विषयावर निबंध लिहिला तो हाच होता: नळीविना राहू न शकणारी मुले, त्यामागची कारणे आणि उपचार. मोठ्यांच्या स्वरयंत्राचे जुनाट आकुंचन हळूहळू रुंदावण्यासाठीही त्यांनी आपल्या नळ्यांचा उपयोग केला.

एवढ्यात घटसर्पावर रक्तलस आली. बेरिंग व कितासातो यांनी १८९० साली तिचा पाया घातला आणि १८९४ साली पॅरिसचे डॉ. रू यांनी बुडापेस्टच्या परिषदेत तिचे यश जगापुढे मांडले. या लसीमुळे नळीची गरज कमी होणार, हे उघड होते. तरीही ओड्वायर यांनी लसीचे स्वागत केले. दोन्ही उपाय एकमेकांना पूरक ठरले: लसीचा गुण येईपर्यंत मुलाला श्वास घेता यावा, एवढा अवधी नळी मिळवून देई.

७ जानेवारी १८९८ रोजी, वयाच्या ५६व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे डॉ. ओड्वायर यांचे निधन झाले. सिस्टर आयरीन त्यांच्या आधी, १८९६ साली, प्रभूघरी गेल्या होत्या.

पुढे काय झाले

बफलोचे डॉ. फेल यांचा भाता आणि ओड्वायर यांची नळी जोडून कृत्रिम श्वासाचे एक साधन तयार झाले होते. छातीच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचा श्वास चालू ठेवण्यासाठी त्याचा उपयोग पुढे सुचविला गेला. १९६०च्या दशकात नवजात बालकांना कित्येक दिवस नळीवर ठेवून जगविता येऊ लागले. आज दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ अतिदक्षता विभागात नळीच्या आधाराने श्वास घेते, तेव्हा फाउंडलिंगमधील त्या मुलांचे ऋण त्याच्यावर असते.

ओड्वायर यांचा शेवटचा प्रश्नही त्या बाळाबरोबर आपल्यापर्यंत आला आहे. फार दिवस नळीवर राहिलेल्या काही बालकांच्या स्वरयंत्राखाली आजही व्रण धरतो आणि घरी आल्यावर त्यांचा श्वास वाजतो. इतरही कारणे आहेत. काही बालकांचे स्वरयंत्र जन्मतः मऊ असते. आत श्वास घेताना ते मिटते आणि किरकिर आवाज येतो. बहुतेकांचे हे दुखणे दीड-दोन वर्षांत आपोआप निवळते. मेंदूच्या पक्षाघाताने आजारी असलेल्या मुलाला लाळ गिळता येत नाही, म्हणून त्याचा घसा घुरघुरतो. डाऊन सिंड्रोम असलेले मूल झोपेत घोरते आणि मध्येच त्याचा श्वास थांबतो. दम्याच्या मुलाची छाती श्वास सोडताना शिटी घालते.

आपल्याकडे आया सहज म्हणतात, बाळाची छाती वाजते. ऐकणारेही सहज म्हणतात, वाढले की जाईल. पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु ज्या मुलाला दीर्घ आजार आहे, त्याच्या घरच्यांनी तो आवाज ओळखून ठेवावा, अशी आमची विनंती आहे. आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, झोपेत वाढतो की दूध पिताना, उताणे निजविल्यावर की पालथे, हे पाहून डॉक्टरांना सांगावे. मोबाईलवर त्याचे चित्रण करून दाखविल्यास निदानास मोठी मदत होते. गळ्याचा खळगा किंवा बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, पोट उडू लागले, ओठ निळसर झाले, मूल दूध ओढीना, लाळ गळू लागली, मध्येच श्वास थांबू लागला, तर रात्र असली तरी थांबू नये. दमलेल्या मुलाचा आवाज एकाएकी कमी झाला तर समाधान मानू नये. ओड्वायर यांच्या काळातील परिचारिकांना जे ठाऊक होते, ते आपणही ध्यानात ठेवावे.

आणि घटसर्प अजून गेलेला नाही. भारतात तो आजही आढळतो. १९२३ साली फ्रान्सच्या रॅमाँ यांनी शोधलेल्या तत्त्वावरची प्रतिबंधक लस आज सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते: ६, १० व १४ आठवड्यांना पहिले तीन डोस, १६ ते २४ महिने आणि ५ ते ६ वर्षे या वयांत वर्धक डोस, तसेच १० व १६व्या वर्षी टीडी लस. बाळाचे डोस आठवणीने पूर्ण होतात. पुढचे मात्र अनेक घरांत राहून जातात. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी कपाटातले लसीकरण कार्ड एकदा काढून पाहावे.

दीर्घ आजारी मुलाच्या घरी रात्री कोणीतरी नेहमी जागे असते. शेजारच्या खोलीतून येणारा श्वास ऐकत ती आई किंवा आजी वर्षानुवर्षे निजलेली नसते. बहुधा रविवारी मिस्सालाही ती दिसत नाही, कारण मुलाला सोडून येता येत नाही. फाउंडलिंगमध्ये हे जागरण सर्वांनी वाटून घेतलेले होते, म्हणून मुले जगली. आपल्या वाडीत, आपल्या गल्लीत असे एखादे घर असेल, तर एका रात्रीची राखण आपण मागून घ्यावी. त्या आईला निश्चिंत झोप मिळेल आणि मुलाच्या श्वासाला आणखी एक कान मिळेल.